पहिल्या हाकेला

मराठीत 'आमच्याकडे' हा भलताच सोयीचा शब्द आहे. आमच्याकडे पाऊस जास्त पडतो म्हटलं, तर पाऊस काही आपल्या मालकीचा नसतो. आमच्याकडे दोन म्हशी आहेत म्हटलं, तर त्या असतात. कॉलेजच्या पहिल्या दिवशी सरांनी एकेकाला उभं करून घरची माहिती विचारली, तेव्हा मी म्हणाले, "आम्ही पवनानगरचे. धरणाला लागून आमच्याकडे कॅम्पसाइट आहे." यात एक अक्षर खोटं नव्हतं. कॅम्पसाइट होती, धरणाला लागूनच होती, आणि माझी आई तिथे शनिवार-रविवारी पर्यटकांना भाकऱ्या थापून घालायची, एरवी तंबू झाडायची. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "स्वतःची?" आणि मी नुसतं "हं" केलं.

त्या 'हं'वर मी दीड वर्ष काढलं. लोणावळ्याचं कॉलेज, मीडियाचा कोर्स, वर्गात निम्मी मुलं पुण्याहून लोकलने येणारी. कुणी म्हणालं, एकदा तुमच्या कॅम्पसाइटवर ने ना, की मी म्हणायचे, सीझन आहे, बुकिंग फुल्ल आहे. सीझन नसला की म्हणायचे, आता काय मजा नाही. खोटं बोलायला अक्कल लागते असं म्हणतात. मला वाटतं नुसती चिकाटी लागते, आणि ती माझ्याकडे पुष्कळ होती. आईची मला लाज वाटायची का? हो, वाटायची. आता लिहिताना गुळगुळीत करून काय उपयोग.

दुसऱ्या वर्षाला सरांनी काम दिलं: थ्रिलर फिल्मची फक्त सुरुवात करून आणायची, दोन मिनिटांची. पुढची गोष्ट नको. बघणाऱ्याला पुढचं बघावंसं वाटलं पाहिजे, एवढंच. आमचा तिघांचा गट होता. दिग्दर्शक लोणावळ्यातल्या चिक्कीच्या दुकानदाराचा मुलगा. त्याच्या खिशात कायम तुटकी चिक्की असायची आणि डोक्यात कायम कल्पना, दोन्ही तो न विचारता वाटायचा. कॅमेरा पुण्याच्या मुलीकडे, कारण तो तिच्या भावाचा होता. आणि साउंड माझ्याकडे: एक रेकॉर्डर, कॉलेजचे हेडफोन आणि जळमटं काढायच्या काठीला बांधलेला माइक.

दिग्दर्शकाची गोष्ट साधी होती. एकट्या जागी एक बाई चुलीवर भाकरी करतेय. बाहेरून कुणीतरी हाक मारतं. ती "ओ, आले" म्हणून उठते, बाहेर जाते. परत येत नाही. तव्यावरची भाकरी करपते, धूर होतो, फिल्मचं नाव येतं. "आणि हे सगळं भर दिवसा," तो म्हणाला. "रात्री काय, कुणीही घाबरवतं." खरं कारण असं की संध्याकाळी त्याला दुकानावर बसावं लागायचं.

"चूल कुठे मिळणार?" कॅमेरावालीने विचारलं.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. चूल, शेड, समोर धरणाचं पाणी, सगळं आमच्याकडे होतं ना! आता नाही म्हणायला मला एकही कारण सापडेना. मधल्या वारी तिथे कुणी नसतं, एवढाच काय तो आधार. मालक पुण्यात राहायचे, त्यांना फोन करून परवानगी घेतली. स्वयंपाकाच्या शेडची किल्ली मात्र आईकडे असायची. सोमवारी मी तिला बजावलं, "उद्या माझ्या कॉलेजची मुलं येणारेत. तू फक्त कुलूप काढ आणि घरी जा. आमचं आम्ही करू."

"आन खायाला?"

"ते काही खात नाहीत."

"खात न्हाईत? मंग जगत्यात कशावर?" आई म्हणाली.

मंगळवारी सकाळी मी दोघांना कामशेत स्टेशनवर घेतलं आणि जीपने आणलं. कापणी उरकली होती, खाचरांत नुसते बुडखे उरले होते. पाण्यावरचं धुकं अजून उठलं नव्हतं, आणि कॅमेरावाली ते बघून "अगं, कसल्या भारी जागी राहता तुम्ही!" करत होती. आम्ही शेडपाशी आलो तर आई तिथेच. अंगण झाडत होती. अंगावर लग्नाकार्याला नेसायची हिरवी साडी होती. माझ्या कॉलेजची मुलं येणार म्हणून नेसली होती, दुसरं काय.

"या कोण गं?" दिग्दर्शकाने विचारलं.

"मावशी," मी म्हणाले. "इथल्या."

आमच्या गावात मावशी म्हणजे आईची बहीण, किंवा कुणीही मोठी बाई. पण कॉलेजच्या मुलांच्या बोलण्यात मैत्रिणीची आई काकू असते आणि कामाला येते ती मावशी. आईला हे चांगलं ठाऊक होतं. दर शनिवारी तिला पन्नास जण मावशी म्हणायचे. तिचा खराटा एकदाच थांबला. तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही बोलणार. बोलावं असंही वाटत होतं आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असंही वाटत होतं.

"या ताई, या," आई मला म्हणाली. "कुलूप काडून ठिवलंय."

ताई! मी काहीच शिकवलं नव्हतं, तरी एका शब्दावरून तिने सगळं ओळखलं होतं. थोड्या वेळाने दिग्दर्शक म्हणाला, "तुझी कॅम्पसाइट भारी आहे हं." तेही तिने ऐकलं, आणि पुढचा तासभर तिने मला सोडलं नाही. "ताई, जरा बाजूला व्हा, धूर लागंल." "ताई, तुमच्या हितं माकडं लय झाल्यात, कायतरी बंदोबस्त करा की." तिला गंमत सुचत होती की राग येत होता, मला कळेना. तिच्या तोंडावर काही दिसायचं नाही. मी केबल गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत बसले होते.

ठरल्याप्रमाणे बाईचं काम कॅमेरावाली करणार होती आणि कॅमेरा दिग्दर्शक धरणार होता. तिला लुगड्यासारखी साडी गुंडाळली, चुलीपुढे बसवली. पहिली भाकरी फाटली. दुसरी तिच्या हाताला चिकटली, आणि नखांचं जांभळं पॉलिश त्या पिठात असं काही दिसायला लागलं की भीती राहिली बाजूला, हसूच यायचं. आईला ते बघवेना. तांदळाचं पीठ वाया जातंय म्हटल्यावर ती गप्प बसणारी बाई नव्हे.

"आवं, पीठ निबार झालंय. सरा बगू."

ती बसली, पीठ परत मळलं, आणि थापायला लागली. भाकरी परातीत आपोआप फिरायला लागली. दिग्दर्शकाने कॅमेऱ्यातून बघितलं आणि कॅमेरा मुकाट्याने कॅमेरावालीच्या हातात दिला. "मावशी, तुम्हीच करा," तो म्हणाला.

आईने माझ्याकडे बघितलं. "करू का, ताई?"

"करा," मी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा मी आईला अहोजाहो केलं.

पहिला टेक. दिग्दर्शक पाण्याच्या टाकीमागे गेला आणि तिथून ओरडला, "मावशीऽ!" आईने मान वर केली नाही. "ओ मावशीऽ!" आईने भाकरी उलटली. शेवटी तो टाकीमागून बाहेर आला.

"मावशी, ऐकू येत नाही का?"

"येतंय की."

"मग ओ द्या ना. आणि बाहेर या."

"पयल्या हाकंला?" आई म्हणाली. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "आवं, एकटी बाई हाय ना ही? बाहीर मानूस दिसत न्हाई, नुसती हाक येतीया. मंग पयल्या हाकंला ओ कशी दील? तीनदा मारू द्यायची. मानूस आसंल तर तीनदा मारतंय. दुसरं काय आसंल तर दोनदा मारून निगून जातंय. त्येला तिसरी हाक येत न्हाई."

हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. आमच्या वाडीत पोरंसोरंसुद्धा अशा वेळी हाका मोजतात. पण मी ते कधी गोष्टीत घालायची वस्तू म्हणून बघितलं नव्हतं. दिग्दर्शक आधी वैतागला. "दोन मिनिटांत तीन हाका कुठे बसवू मी?" आई म्हणाली, "मंग दुसरी बाई बगा. मी आसं करायची न्हाई. बगनारी आमच्यातली आसली तर म्हनंल, ही कसली येडी." झालं. तीन हाका ठरल्या.

दुसऱ्या टेकला मी हेडफोनमधून ऐकत होते. थापायचा आवाज, बांगड्या, जाळाची तडतड. पहिली हाक आली आणि थापणं थांबलं. बांगड्या थांबल्या. आईचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. मग पाण्यावरून एक टिटवी ओरडत गेली. दुसरी हाक. परत सगळं गप्प. तिसरी येते की नाही, येते की नाही, असं होऊन माझ्या अंगावर काटा उभा राहिला. टाकीमागे आमचाच माणूस उभा होता, त्याच्या खिशात चिक्की होती, हे मला माहीत असूनही.

"भारी!" कॅमेरावाली दिग्दर्शकाला म्हणाली. "पण तुझा आवाज काढून टाक. गिऱ्हाईक बोलावल्यासारखा वाटतो."

मग तिने हाक मारून बघितली. तिला दुसऱ्या हाकेलाच हसू फुटलं. दिग्दर्शकाने माझ्याकडे बोट केलं. "तू मार. आणि मावशी नको, 'आई' म्हण. आई म्हटलं की जास्त लागेल."

"मी साउंडवर आहे."

"माइक खांबाला बांध. हेडफोन घालूनच मार, तेवढंच कळेल कसं येतंय ते."

मी माइक खांबाला बांधला. लाकडं पुढे सारता सारता आई म्हणाली, "मारा की ताई, घाबरता कशाला? तीन झाल्याबिगर मी काय हलत न्हाई."

हेडफोनची लांब केबल ओढत मी टाकीमागे जाऊन उभी राहिले. तिथून शेड दिसत नव्हती, फक्त हेडफोनमध्ये ऐकू येत होती. भाकरी थापली जात होती. मला दिसेल असा अंगणात उभा राहून दिग्दर्शकाने हात खाली केला. सकाळपासून मी तो शब्द उच्चारला नव्हता. त्यामुळे जी हाक निघाली ती काही गोष्टीतली निघाली नाही. घरी मारते तशीच निघाली.

"आई!"

"ओ! आले, आले गं!"

परात आदळल्याचा आवाज कानात फुटला. मी दुसऱ्या हाकेसाठी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात आई टाकीमागे माझ्यासमोर उभी होती. पदर खोचलेला, दोन्ही हात पिठाचे. तिने माझं मनगट धरलं. "काय झालं? काय चावलं का?"

मागून दिग्दर्शक आला. "मावशी! अहो, तुम्हीच सांगितलंत ना, पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही म्हणून? आता आई म्हटल्यावर एकदम धावत कशा सुटलात?"

आईने माझं मनगट सोडलं. तिला उत्तर येत होतं. पण ते दिलं असतं तर मी उघडी पडले असते. ती एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. मग हात पदराला पुसत म्हणाली, "व्हय, चुकलंच माझं. परत करू. आता न्हाई हलायची, ताई."

ती आत गेली. मी टाकीमागेच होते, बाकी दोघं कॅमेऱ्यापाशी. माइक खांबाला होता आणि हेडफोन माझ्या कानाला, म्हणून जे कुणालाच ऐकू आलं नाही ते मला आलं. आई चुलीपुढे बसली, फुंकणीने जाळ फुंकला, आणि हळूच स्वतःलाच म्हणाली, "येडी हाय मी, येडी. आत्ता पोरीचं हसं झालं आसतं."

मला लाज अशी कधी वाटली नव्हती. दीड वर्ष जिची वाटत होती ती लाज वेगळी आणि ही वेगळी. मी टाकीमागून बाहेर आले आणि म्हणाले, "तिचं काही चुकलं नाही! ती माझी आई आहे!"

हेडफोन कानावर होते, त्यामुळे मी किती जोरात ओरडले ते माझं मला कळलं नाही. कॅमेरावाली नंतर सांगायची की पाण्यावरचे बगळे उडाले. आईने चुलीपुढूनच हात केला. "आगं ते कानाचं काड आदी. वरडतीस कशाला गावभर?"

मी काढलं. दिग्दर्शक माझ्याकडे, आईकडे, शेडकडे बघत होता. "म्हणजे कॅम्पसाइट तुमची नाही?"

"नाही. आई इथे कामाला आहे."

"बरं," तो म्हणाला. आणि चिक्कीचा तुकडा पुढे केला.

एवढंच. दीड वर्ष ज्याला घाबरले, ते 'बरं'मध्ये संपलं. कॅमेरावाली मात्र रागावली होती. माझ्याशी न बोलता ती आईजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "काकू, सॉरी हं. आम्ही सकाळपासून तुम्हाला राबवतोय." आई म्हणाली, "सकाळी मावशी होते, आता काकू झाले व्हय? जेवा आदी. तुमी खात न्हाई म्हनं." मग पिठलं निघालं, ठेचा निघाला, टेकसाठी करपलेल्या भाकऱ्या सोडून बाकी सगळ्या संपल्या. करपलेल्या तिने फेकू दिल्या नाहीत. म्हशीला न्यायला बाजूला ठेवल्या.

जेवताना दिग्दर्शकाने तोच प्रश्न परत काढला. "पण काकू, नियम तर नियम ना? तीन हाका."

"लेकराची हाक कोन मोजतंय?" आई म्हणाली.

दिग्दर्शकाचा घास तोंडाशीच राहिला. तो माझ्याकडे बघायला लागला आणि मी त्याच्याकडे. एकाच वेळी आम्हाला तेच सुचलं होतं: बाहेर जे काही आहे, त्याला हे माहीत असेल तर? त्याला तिसरी हाक येत नाही. पण त्याला लेकराचा आवाज काढता आला, तर एकच पुरेल.

फिल्म आम्ही तशीच केली. परका आवाज एकदा हाक मारतो, बाई मान वर करत नाही. दुसऱ्यांदा मारतो, ती भाकरी उलटते आणि मोजत थांबते. तिसरी येत नाही. ती सुस्कारा सोडते, हसते, परत थापायला लागते. आणि मग बाहेरून, एकदाच, "आई!" ती उठून धावते. तव्यावर भाकरी करपत राहते. आईला त्यासाठी फार टेक द्यावे लागले नाहीत. वर्गात दाखवली तेव्हा नाव येईपर्यंत कुणी हललं नाही. नंतर सरांनी उजेड दोन ठिकाणी वेगळा आहे म्हणून मार्क कापले, ते बरोबरच होतं.

त्या दिवशी दोघांना जीपमध्ये बसवून आम्ही मायलेकी पायी घरी निघालो. मी रडायला लागले. आई पुढे चालत होती, डोक्यावर भाकऱ्यांचं फडकं. ती मागे न बघता म्हणाली, "माय मरो नि मावशी जगो म्हनत्यात. तू तर आज खरंच करून दावलंस."

"आई, नको ना गं."

"मावशी म्हंजी आईची भईन. मंग मला सांग, सकाळधरनं तुजी आई कुटं गेलती?"

  त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही, आणि बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

एडिटिंग मी घरीच केलं. कॉलेजचे हेडफोन परत द्यावे लागले होते आणि माझे इयरफोन बिघडले होते, म्हणून लॅपटॉपच्या स्पीकरवरच. ती हाक नेमकी कुठे कापायची ते जमत नव्हतं. माझाच आवाज, परत परत. "आई!" मागच्या दारी आई भांडी घासत होती. तिथून आवाज आला, "ओ?"

"काही नाही, फिल्म आहे."

"बरं."

मी दोन सेकंद मागे घेतलं, परत लावलं. "आई!"

"ओ? आले."

"अगं, फिल्म आहे म्हटलं ना! माझा रेकॉर्डिंगमधला आवाज आहे तो."

पाचव्या की सहाव्या वेळी मी चिडून उठले आणि मागच्या दारी गेले. आई राखेच्या हातांनी अर्धवट उठून उभी होती. मी म्हणाले, "आई, तुला एवढं पण कळत नाही का? सारखी काय ओ देतेस? खोटी हाक आहे ती."

"कळतंय मला," आई म्हणाली आणि परत भांड्यांपाशी बसली. "पर एकांद्या टायमाला खरंच तू आसलीस, मंग?"